माहितीपत्रकातलं फीचं पान

केज, ४ मे

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तू कॉलेजच्या जनसंपर्क विभागाची प्रमुख झालीस, हे पप्पांनी पारावर सगळ्यांना सांगितलं. "म्हणजे काम काय?" असं एकानं विचारल्यावर मात्र त्यांना सांगता येईना. मला आलं असतं माय. जिल्हा परिषदेच्या शाळेत असताना दर जूनला पटनोंदणीसाठी आम्ही वस्त्या-तांडे फिरायचो, ते हेच काम. "शिक्षणानं आयुष्य घडतं" म्हटलं की बाया मान हलवून कामाला लागायच्या. "तुम्ही उसाला गेलात तरी पोरगी आजीजवळ राहील, हंगामी वसतिगृहात दोन वेळा जेवेल," म्हटलं की टेकायच्या आणि विचारायच्या, "अन् आजारी पडली तर?" खरं बोलणं तिथून सुरू व्हायचं.

तुझ्याकडे चौकशीचे फोन येतात तेही असेच आईबाप, एवढं धरून चाल.

खालच्या आळीतला एक बाप माझ्याकडे आला होता. खिशातून घामानं मऊ झालेली पत्रकाची घडी काढली. वर मोठ्या अक्षरात फी, पुढं चांदणी. त्या चांदणीचा खुलासा तळाला होता, मला चष्मा लावूनही लागेना: मेस, वसतिगृह, परीक्षा शुल्क वेगळं. त्यानं मुकादमाकडून उचल घेऊन पहिला हप्ता भरलेला. पोरगी दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. त्या चांदणीचा राग मला अजून येतो.

लातूरला गेलं की गुणवंतांच्या फोटोंचे फ्लेक्स दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींना नियम घातले: निवड झाल्यावरच मुलाची लेखी संमती घ्यायची, फोटोसोबत कोर्स कोणता, किती दिवसांचा, फी भरून केला का, हे छापायचं. तुमचं कॉलेज कोचिंग नसलं तरी तू हे पाळ. प्रवेशाचं टार्गेट असतं, वरून दट्ट्या असतो, कळतं मला. तरी सगळा खर्च पहिल्या पानावर, एकाच मापाच्या अक्षरात घे. "शंभर टक्के नोकरी" लिहायला सांगितलं तर नाही म्हण.

छापायला देण्याआधी पत्रक मला पाठव. ओट्यावर बायांना मोठ्यानं वाचून दाखवते. कोण कुठं अडलं, काय विचारलं, ते लिहून कळवते.

तुझी,
आई