झबली शिवायला शिकवणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

आपल्या गटातल्या सगळ्याजणींकडून तुमचे मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय, कारण जुन्या कपड्यांतून बाळंतविडा करू पाहणाऱ्या इतर घरांनाही तुमची रीत कळावी.

पहिले आभार कात्री उशिरा हातात दिल्याबद्दल. झबल्याचं माप कुठेही मिळतं, कापड पारखायला मात्र कोणी शिकवत नाही. साडी उजेडासमोर धरायची, दोन्ही अंगठ्यांनी उभी-आडवी ताणायची. धागे सरकले किंवा चर्र झालं की तो भाग फडक्यांत. सुती पाचवारी बसण्याच्या जागी आणि पावलांशी घासणाऱ्या काठाला आधी विरते, पदराकडचं कापड बहुधा धड असतं. चार मीटर लांब, ४८ इंच पन्ह्याच्या धोतरातून २४ इंची लंगोटाचे चौकोन हिशेबाने १२ निघतात. विटलेला भाग काढल्यावर नऊ मिळाले तरी भागतं. ते तीन वाचवायच्या मोहात पडलं की दुसऱ्या धुण्यात चिंध्या होतात.

सुती आहे की मिश्र, याची खात्री डोळ्यांनी होत नाही. एक धागा ओढून चिमट्यात धरून जाळला, कागदासारखा वास आला आणि राख बोटात चुरली, तर सुती. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिस्टर. ते घाम टिपत नाही, बाळाच्या अंगाला नको.

डांबर गोळ्यांबद्दल तुम्ही बजावलंत, ते तर प्रत्येक आजीला सांगायला हवं. ज्या बाळांमध्ये जी-६-पी-डी हे द्रव्य कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थॅलीनमुळे फुटतात आणि कावीळ वाढते. असा दोष कुणात आहे हे बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून त्या गोळ्यांतलं कापड बाळासाठी घ्यायचंच नाही, कितीही मऊ असो.

आता झबलं. २४ इंच लांब, १८ इंच रुंद तुकडा, चौघडी करून १२ बाय ९. घडीच्या कोपऱ्यात गळा आडवा पावणेदोन इंच. खोली मागे अर्धा, पुढे दीड. खांद्याच्या घडीपासून चार इंच खाली बाही, आणि मधल्या घडीपासून साडेपाच इंचांवर अंगाची रेघ. अर्धा इंच शिवणीत गेला की घेर २० इंच राहतो. नवजात बाळाची छाती १३ इंचांच्या आसपास असते, सहा महिन्यांत १७ कडे जाते. म्हणून हा ऐसपैसपणा. काखेत काटकोन कापला तर तिथेच ओढ बसून फाटतं. गोलाई द्यायची आणि शिवणीपर्यंत न पोचणारे बारीक कातरे मारायचे. उघडी बाजू पुढे, कारण बाळ पाठीवर निजतं आणि मागची गाठ रुतते. बंद सहा इंचांहून लांब नकोत, छातीशी लावायचे, गळ्याशी नाहीत. गळ्याला पट्टी तिरपीच हवी, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापलेली. सरळ पट्टी गोलाईवर वळत नाही, चुण्या पडतात आणि मानेला टोचतात.

पहिल्या महिन्यातल्या झबल्याची शिवण बाहेर ठेवायची, ही तुमची युक्ती दिसायला ओबडधोबड आहे. नातेवाईक हसतात, हसू देत.

मशीनवर मलमल घेताना ११ नंबरची सुई, आणि सुरुवात कडेपासून अर्धा इंच आत, खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून. नाहीतर कापड पट्टीच्या भोकात ओढलं जातं. टाका बारीक केला की शिवण पक्की होते, हा गैरसमज तुम्ही मोडलात. जुन्या कापडात दाट टाके म्हणजे भोकांची रांग, नेमकं तिथूनच उसवतं. अडीच मिलिमीटर ठीक.

बनियन आणि टी-शर्टची टोपडी छान होतात, पण ताण डोक्याभोवती यायला हवा, वर-खाली नाही. सुई गोल टोकाची. साध्या सुईने टाके सुटतात आणि विणीला भोकं पडून ती उसवत जाते. छापील चित्राचा रबरी भाग घ्यायचा नाही. जरीकाठ कुंचीला बाहेरून शोभतो, आत मलमलचं अस्तर हवंच. हातमोजे आणि पायमोजे उलटे करून आतला प्रत्येक सुटा दोरा कापायचा. असा दोरा बोटाभोवती आवळला तर रक्त थांबतं, आणि बाळ का रडतंय हे कुणाला कळत नाही.

शेवटी सगळं गरम पाण्यात साध्या साबणाने धुऊन, खळ काढून कडक उन्हात. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव नको, लंगोट ओल टिपेनासे होतात.

लाळेऱ्याचा कागदी नमुना तुमच्याकडेच राहिलाय, मावशी. सवडीने पाठवा, जुन्या टॉवेलांचे तुकडे कापून तयार आहेत.

तुमच्या,
गटातल्या सगळ्याजणी