टगबोटींच्या नोंदीही जपाव्यात

महोदय,
अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांमुळे साताऱ्याची लष्करी परंपरा सर्वांना ठाऊक आहे. नौदलाच्या टगबोटींवर (मोठी जहाजे व अवजड वस्तू ओढणाऱ्या बोटींवर) राबलेल्यांची मात्र कुणी फारशी दखल घेत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील कृत्रिम बंदरांचे अवाढव्य काँक्रीटचे भाग इंग्लिश खाडीपार ओढून नेले ते अशाच टगबोटींनी. त्यांचा माग काढताना एकच नाव अनेक बोटींना दिलेले आढळते, त्यामुळे बांधणीचे वर्ष व गोदी ताडून पाहिल्याखेरीज लंडनमधील ॲडमिरल्टीची (ब्रिटिश नौदलाचा कारभार पाहणाऱ्या खात्याची) कागदपत्रेही (ती विपुल असूनही) चकवा देतात. आपल्या संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार युद्धविषयक नोंदी साधारणतः २५ वर्षांनी खुल्या व्हायच्या आहेत. त्यात १९७१ च्या टगबोटींची लॉगबुकेही असावीत, आणि माजी नौसैनिकांच्या घरची सेवापुस्तके रद्दीत जाण्यापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्यांच्या प्रती करून घ्याव्यात.
– एक वाचक, सातारा