हाडांचं वय वाढदिवसावर ठरत नाही

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

साधारण 700 जन्मांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ, आणि पुष्कळदा दुभंगलेली टाळूही, घेऊन येतं. ओठ 3 ते 6 महिन्यांत शिवला जातो, टाळू दीड वर्षाच्या आत. आधीचे-नंतरचे फोटो अहवालात लागतात आणि फाइल बंद होते. माझी तक्रार त्या बंद होणाऱ्या फाइलबद्दल आहे.

टाळू शिवावीच लागते, नाहीतर बोलणं स्पष्ट होत नाही. पण तिथला व्रण मुलाबरोबर वाढत नाही. वरचा जबडा मागे राहतो, खालचा आपल्या गतीने पुढे जातो आणि लहानपणी जेमतेम जाणवणारा फरक वयात येताना चेहऱ्यावर उघड होतो. ऑपरेशन बिघडलं असं पालकांना वाटतं. बहुतेकदा तसं नसतं.

पुढचे उपचार वाढीची वेळ पाहूनच करावे लागतात. दुभंग हिरडीतूनही गेला असेल, तर त्या फटीत हाड भरायचं ते सुळा उतरण्याआधी, त्याचं मूळ अर्ध्याहून थोडं अधिक तयार झालं असताना. बहुतेक मुलांत 8 ते 11 वर्षांच्या दरम्यान. याउलट, जबडा पुढे आणायची शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावरच. घाई केली तर खालचा जबडा पुन्हा पुढे सरकतो आणि तेच ऑपरेशन परत करावं लागू शकतं.

आता खरी अडचण. यातल्या काही मुलांची हाडं जन्मतारखेच्या मागे असतात, म्हणजे वयाच्या मानाने त्यांची वाढ कमी झालेली असते. तान्हेपणी दूध नीट ओढता येत नाही, कानाची दुखणी पाठ सोडत नाहीत, क्वचित वाढीचं संप्रेरकच कमी असतं. सगळ्यांचं असं होत नाही, अभ्यासांचं यावर एकमतही नाही. पण म्हणूनच सरसकट वय धरून चालत नाही. प्रत्येक मूल तपासावं लागतं. त्यासाठी मनगटाचा एक्स-रे पुरतो. कित्येकदा तोही लागत नाही, कारण दातांच्या उपचारासाठी चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढलेलाच असतो. त्यात मानेचे मणके दिसतात आणि त्यांच्या आकारावरून वाढ कुठवर आली ते कळतं. फक्त कुणीतरी बघायला हवं.

तेव्हा या उपचारांसाठीच्या सरकारी मदतीची मुदत अठराव्या वाढदिवसाला संपवू नका. वाढ पूर्ण झाल्याची नोंद होऊन शेवटची शस्त्रक्रिया पार पडेपर्यंत ती चालू ठेवा. आणि वार्षिक अहवालात शिवलेल्या ओठांच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना घाला: हिरडीत वेळेवर हाड भरलेली मुलं किती?

आपला,
या मुलांवर उपचार करणारा एक दंतव्यंगोपचारतज्ज्ञ