ताटलीतल्या माश्या

देवगड, 3 मे

प्रिय बंड्या,

गणपतीपासून पत्र नाही. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. आईचा गुडघा तसाच, मी बरा.

फळमाशीच्या विषारी आमिषाच्या डब्यांची चाचणी बाद व्हायच्या बेतात आहे. कारण ऐक: डब्याखालच्या ताटलीत मेलेल्या माश्या कमी! अरे, स्पिनोसॅड, म्हणजे डब्यावरच्या मेणात मिसळलेलं विष, चाटलेली माशी जागच्या जागी कोसळते का? ती उडते आणि काही तासांनी कुठेतरी पानाआड मरते. उरलीसुरली ताटलीत पडते, ती मुंग्या नेतात. एका ताटलीत नुसते पंख सापडले, काचेसारखे, वरच्या कडेला तपकिरी रेघ. टांगायच्या तारेला ग्रीस फासलं की मुंग्या थांबतात, पण एखादी फांदी डब्याला टेकली की ग्रीस फुकट.

खरा निकाल पिंजऱ्यात लागतो. डबे बागेत टांगून ऊन-पावसात जुने होऊ द्यायचे, दर पंधरवड्याला काही उतरवायचे आणि 25 नर, 25 माद्या सोडलेल्या पिंजऱ्यात एकेक ठेवायचा. शेजारच्या पिंजऱ्यात तसाच डबा, मेण-साखर-प्रथिन सगळं तेच, फक्त विष नाही. दोन्हीकडे पाण्याचा बोळा नि वेगळी साखर हवीच, नाहीतर उपाशी माशी नाइलाजाने चाटते आणि डबा उगाच भारी ठरतो. माद्या यीस्ट खाऊन तृप्त असल्या तर उलटं होतं, आमिषाकडे ढुंकून बघत नाहीत. मोजणी 24, 48 आणि 72 तासांनी. समज, बिनविषारी पिंजऱ्यात 10 टक्के मेल्या आणि विषारी पिंजऱ्यात 64. मग विषाचं काम 54 नव्हे, 60 टक्के: 54 भागिले 90, अ‍ॅबटचं 1925 चं सूत्र. हे तुला सांगतोय म्हणजे काशीला गंगाजल, पण इथे पहिल्याच दिवशी मोजून मोकळे होतात.

आणि हो, सापळ्यातल्या माश्या मोजून डब्यांचं यश ठरवायचं, हा तुझा दापोलीचा हट्ट मला अजून मान्य नाही. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला नर येतो, फळाला डंख मादी मारते. 2014 मध्ये युरोपने हापूस अडवला तो फळमाशीपायी; तिथे सापळ्याचा आकडा कोण विचारतो?

म्हणून फळंच मोजायची. झाडावरची वेगळी, खाली पडलेली वेगळी. वेगळ्या, साध्या डब्यात चाळलेली वाळू, वर जाळी, जाळीवर फळ, तोंडाला मलमल. फळ थेट वाळूवर ठेवलं की रस गळतो, वाळूचा चिखल होतो, अळ्या मरतात आणि कोष कमी भरतात. 12 दिवसांनी वाळू चाळून कोष मोजायचे. फळं घ्यायची ती भूखंडाच्या मधली. कडेच्या झाडांवर शेजारच्या बागेतून गाभण माद्या येतात. इथे तर भूखंड एकमेकांना चिकटून आखलेत. कोणाच्या सांगण्यावरून ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

परवाच्या वळिवाने साखर धुपली. त्याआधी कोरड्या उन्हात मेणाचा थर इतका कडक झाला होता की माशी बसायची, चाटता येईना. वर छत्रीसारखं झाकण हवं. पाऊसही अडेल, ऊनही.

वहिनींची बदली झाली का? छोटीचा दहावीचा निकाल कळव.

तुझ्याकडचे बारीक जाळीचे चार पिंजरे एसटीने पाठव. दारांना झिप नको, कापडी बाही हवी. झिपेच्या फटीतून मागच्या वेळी किती उडाल्या, आठवतंय ना?

तुझा,
भाऊ