रॉड्रिग्जला 45 मिनिटांत? नव्हे, दीड तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील मॉरिशसवरच्या लेखात मॉरिशस ते त्याच देशाचे रॉड्रिग्ज बेट हे अंतर 520 किलोमीटर आणि विमानप्रवास 45 मिनिटांचा, असे छापून आले आहे. दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

मॉरिशसमधील प्लेसान्सच्या रामगुलाम विमानतळापासून रॉड्रिग्जच्या प्लेन कोराय विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे 323 सागरी मैल भरतात. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, म्हणून अंतर होते जवळपास 600 किलोमीटर. तेच 323 साधे मैल समजून 1.609 ने गुणले की बरोबर 520 येतात. घोळ बहुधा इथेच झाला असावा. आणि 45 मिनिटे लागतात ती रियुनियनला. ते बेट नैर्ऋत्येला, जेमतेम 230 किलोमीटरवर आहे. रॉड्रिग्ज पूर्वेला.

या मार्गावर जेट नव्हे, एटीआर 72 हे पंख्यांचे विमान जाते. ताशी 500 किलोमीटर धरले तर नुसते अंतर कापायला 72 मिनिटे. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरणे यांची पंधरा-वीस मिनिटे मिळवा, म्हणजे वेळापत्रकातला दीड तास जुळतो. समोरून ताशी 50 किलोमीटरचा वारा असेल तर 72 ची 80 मिनिटे होतात, तोच वारा पाठीमागून असेल तर 65. परतीला आणखी एक गोष्ट: विमान वाऱ्याला तोंड करून उतरते, म्हणून आग्नेयेचा वारा असताना प्लेसान्सला वायव्येकडून उतरावे लागते. पूर्वेकडून आलेल्या विमानाला मग बेटावरून वळसा घालून यावे लागते, त्यात आणखी काही मिनिटे जातात.

प्लेन कोरायची धावपट्टी सुमारे 1300 मीटरच आहे आणि तिथे उतरता आले नाही तर सर्वांत जवळचा विमानतळ पुन्हा मॉरिशसच. त्यामुळे मागे फिरण्यापुरते इंधन जवळ ठेवावे लागते, आणि आखूड धावपट्टीवर वजनाला मर्यादा. म्हणून मुंबईच्या तिकिटावरचे सामानाचे वजन पुढे चालेलच असे गृहीत धरू नये. रॉड्रिग्जच्या तिकिटावर पाहून घ्यावे.

मुंबईहून मॉरिशस सुमारे 4700 किलोमीटर, सहा तासांच्या आसपास. दोन तिकिटे वेगळी काढली असतील तर इमिग्रेशन, सामान घेणे आणि पुन्हा चेक-इन यांसाठी तीन तास तरी हाताशी हवेत. घड्याळ भारताच्या दीड तास मागे, दोन्ही बेटांवर एकच. मात्र रॉड्रिग्जला सूर्य वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. त्या काळात रॉड्रिग्जहून परतण्याचा दिवस आणि मुंबईचे विमान यांत एक मोकळा दिवस ठेवावा. विमाने बंद पडली तर उरते ती बोट, आणि तीही समुद्र शांत झाल्यावरच.

आपला,
एक वाचक