मावशी, ते नऊ महिने प्रार्थना तुम्ही केलीत

प्रिय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता. "माझे कसले? देवाचे मान," म्हणता आणि चपला शोधायला लागता. म्हणून हे लिहून काढतेय, तेही चारचौघांसमोर, म्हणजे तुम्हाला मध्येच उठता येणार नाही. शिवाय आपल्या मंडळीतलं, चर्चमधलं, कोणीतरी आज माझ्यासारखंच घरी बसलं असेल, आपला विश्वास मेला असं धरून चाललं असेल. त्याच्या हाती हे लागलं तर बरं होईल.

ह्यांना झटका आला त्या पहाटेबद्दल लिहीत नाही, तुम्हाला सगळं माहीत आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, उजवा हात-पाय गेला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. समजायचं सगळं, शब्द तेवढा सापडायचा नाही. पाणी हवं असलं तरी "ते... ते..." करून थांबायचे आणि मग डावी मूठ गादीवर आपटायचे. पंचवीस वर्षं ज्या माणसाने मला नावाने हाक मारली, त्याला माझं नाव आठवूनही उच्चारता येत नव्हतं.

पहिले काही आठवडे घर माणसांनी भरलेलं असायचं. मग माणसं कमी झाली आणि जी येत राहिली ती सोबत कारणं घेऊन यायला लागली. कोणी म्हणालं, आयुष्यात काही लपलेलं पाप राहिलंय का ते तपासून बघा. कोणी म्हणालं, मागताना संशय धरला असेल. मंडळीतल्या एका भावाने तर दारातच ऐकवलं की प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री गीतं गात होते, आणि तुम्ही उपासनेलाही येत नाही? त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा दार लावल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसले होते.

प्रार्थना बंद पडली ती त्याच सुमारास. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस देवावर रागावतो. रागावायला समोर कोणीतरी लागतं हो. माझं तसं नव्हतं. रिंग वाजत राहावी आणि पलीकडे कोणी फोन उचलू नये, असं काहीतरी होतं. शेवटी मीच फोन ठेवून दिला.

आणि एका गुरुवारी तुम्ही आलात. हातात तो रबर लावून बांधलेला जुना पवित्र शास्त्राचा ग्रंथ, पिशवीत भिंग. मला वाटलं, आता हिचंही ऐकायचं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. ह्यांच्याजवळ बसलात, त्यांचा उजवा हात हातात घेतलात आणि विचारलंत, "नखं कोण कापतं?"

कोणीच कापत नव्हतं. त्या हाताची मूठ आवळलेली असायची, बोटं तळव्यात रुतलेली. मी उघडायला गेले की आणखी घट्ट व्हायची. मला वाटायचं हे मुद्दाम करतात. तुम्ही कोमट पाण्यात फडकं बुडवून मुठीवर ठेवलंत आणि वाट पाहिलीत. मग आधी अंगठा, मग करंगळी, एकेक बोट इतकं सावकाश सोडवलंत की ह्यांनाही कळलं नसेल. झटक्याने ओढलं की असले स्नायू उलट आवळतात, हे मला फिजिओथेरपिस्टने पुढे महिन्याभराने सांगितलं. तळव्यात नखांच्या चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. तुम्ही त्या पाहिल्यात, माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्याबद्दलही आभार.

"माझे हात गुंतलेत," तुम्ही म्हणालात, "तू वाच. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र." मी म्हटलं, मावशी, मला आता त्यातलं काही खरं वाटत नाही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "खरं वाटायला पाहिजे असं मी कुठं म्हटलं? अक्षरं वाच. माझा चश्मा पुरत नाही."

मी वाचलं. आणि शेवटी थांबले, पान उलटून पाहिलं, पुढचं काही राहिलंय का. राहिलं नव्हतं. ते स्तोत्र काळोखात सुरू होतं आणि काळोखातच संपतं. ना स्तुती, ना "तरीही मी आनंद करीन". लहानपणापासून मंडळीत वाढले, पण असलं काही पवित्र शास्त्रात आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही कागदावरची नखं गोळा करत म्हणालात, "हे लिहिणाऱ्याला देवाने बाहेर काढलं नाही. त्याला शास्त्रात जागा दिली."

त्यानंतरच्या गुरुवारांत मी तुमच्यासाठी अक्षरं वाचत गेले. तेराव्या स्तोत्रात दोनच ओळींत चार वेळा "कोठवर" येतं, ते तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत. सगळं गमावून बसलेला ईयोब त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो, आणि हाच तो ईयोब ज्याच्या धीराचा दाखला याकोब आपल्या पत्रात देतो! आजवर मी धीर म्हणजे तोंड शिवून बसणं समजत होते. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले होते. "तिथवर ते बरोबर होते," तुम्ही म्हणालात. "तोंड उघडलं आणि बिघडलं." आणि खरंच, शेवटच्या अध्यायात देव कोपतो तो ओरडणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू घेऊन भाषणं देणाऱ्या मित्रांवर. माझ्याकडे आलेल्या त्या तिघा-चौघांना हे वाचून दाखवावं असं मला फार वाटलं. तुम्ही वाचू दिलं नाहीत. ते मात्र मला अजून पटलेलं नाही.

पौल-सीलाचं मी तुम्हाला एकदा सांगून टाकलं. म्हटलं, मला तुरुंगात गाता येत नाही, माझं तेवढं नाही. तुम्ही लगेच म्हणालात, "अगं, ते दोघं होते." मला कळलंच नाही. "दोघं होते. पौल एकटा त्या कोठडीत असता तर त्या रात्री गायला असता की नाही, कुणास ठाऊक. तू एकटीने गायचा प्रयत्न करतेस." मग तुम्ही मला ते वाक्य दिलंत ज्यावर मी पुढचे महिने काढले: "तुला येत नसेल तर सध्या राहू दे. तुझी मी करते. तुला यायला लागली की सांग."

एवढ्या साध्या आवाजात म्हणालात की मला आधी त्यात काही विशेष वाटलंच नाही. रात्री दिवा मालवल्यावर लक्षात आलं की किती दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरलंय. प्रार्थना न येणं हा माझा अपराध होऊन बसला होता, तो तुम्ही नुसता उचलून बाजूला ठेवलात.

हे तुम्ही मनाने रचलं नव्हतं, हे पुढे वाचता वाचता कळलं. अमालेकाच्या लोकांशी लढाई चालली असताना मोशेने वर धरलेले हात भरून येतात. त्याचा विश्वास संपत नाही, हातच थकतात. मग अहरोन आणि हूर त्याला दगडावर बसवतात आणि सूर्य मावळेपर्यंत दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. कफर्णहूमात चौघे जण पक्षाघाती माणसाला खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे आत शिरता येत नाही तर छप्पर उकलून खाली सोडतात. तो उतारा मी शंभरदा ऐकला होता. पण त्या दिवशी शेजारी माझा माणूस तसाच पडलेला असताना वाचला आणि एका शब्दावर अडकले. येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाला विश्वास होता की नव्हता, त्याबद्दल अवाक्षर नाही. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही करंगळीचं नख कापण्यात गढला होता.

इब्री लोकांस पत्रातलं "आपले एकत्र मिळणे सोडू नका" हे वचन मला त्या काळात दोनदा मेसेजवर आलं होतं. तुम्ही त्याचा अर्थ वेगळा लावलात. मी येत नव्हते, तर मंडळी माझ्याकडे आली. चौदा माणसांची नव्हे, एकाच म्हातारीची, भिंग घेऊन.

आता त्या भाकरीच्या दिवसाचं लिहिते, कारण तो आपण दोघींनी वेगवेगळा समजून घेतला. साधारण पाचवा महिना असेल. निघताना तुम्ही नेहमीसारखी प्रभूची प्रार्थना म्हणत होता आणि मी नेहमीसारखी गप्प उभी होते. "आमची रोजची भाकर" इथपर्यंत तुम्ही आलात आणि खाटेवरून आवाज आला: "आज आम्हांला दे." स्पष्ट. पुढचं सगळं त्यांनी तुमच्याबरोबर म्हटलं, "आमेन"पर्यंत. ज्यांना "पाणी" म्हणता येत नव्हतं त्यांनी!

मी ओरडलेच. चमत्कार झाला म्हणून तीन ठिकाणी फोन केले. आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना विचारलं, "माझं नाव सांगा," तर पुन्हा "ते... ते...". वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी समजावून सांगितलं, की हे नेहमीचंच आहे. नवं वाक्य जुळवायचं काम मेंदूचा जो भाग करतो तो दुखावला, तरी वर्षानुवर्षं घोकलेलं, म्हणजे आकडे, गाणी, प्रार्थना, बऱ्याचदा शाबूत राहतं. त्यावरूनच त्या पुढे गाण्याच्या चालीवर शब्द बसवून बोलायला शिकवू लागल्या. पण मी त्या दिवशी खचून घरी आले. म्हणजे चमत्कार नव्हताच. गुरुवारी तुम्हाला तणतणून सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "लहानपणी त्यांच्या आईने रोज रात्री म्हणून घेतली असेल. कुठवर पोचली बघ. डॉक्टरचं औषध जिथं पोचलं नाही तिथं बसून होती." आणि नखं कापायला घेतलीत.

मला त्यावर अजून नीट बोलता येत नाही. एवढं खरं, की त्या संध्याकाळपासून आम्ही दोघं ती प्रार्थना रोज म्हणू लागलो. मला अर्थासाठी नको होती, मला ह्यांचा आवाज ऐकायचा होता. दिवसातलं एवढंच एक मिनिट आम्ही दोघं पूर्ण वाक्यांत बोलायचो.

तुमच्याबद्दल तुम्ही एकदाच बोललात. धाकटा मुलगा गेल्यावर दोन वर्षं तुम्ही उपासनेला यायचात, शेवटच्या बाकावर बसायचात आणि एकही गीत तुमच्या तोंडून निघायचं नाही. शेजारी बसणारी एक बाई तुमच्या वाटणीचं गायची. कोण, ते तुम्ही सांगितलं नाहीत. मी मदर तेरेसांचं काढलं. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 मध्ये, त्यांची खासगी पत्रं छापून आली. देव जवळ असल्याची जाणीव त्यांना कित्येक दशकं नव्हती असं त्यांत त्यांनीच लिहिलंय, हे मी वाचलं होतं. एवढी मोठी बाई आणि तिचं असं! तुम्ही थोडा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "तरी सकाळी उठून कामाला जायची ना?" विषय तिथेच संपला.

नवव्या महिन्यात एका रात्री ह्यांना कुशीवर वळवताना माझ्या तोंडून "प्रभू, उचल" असं निघालं. प्रार्थना म्हणून नव्हे, पाठ भरून आली होती म्हणून. बराच वेळाने लक्षात आलं, की मी त्याच्याशी बोलले. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हल्लेलुया वगैरे काही म्हटलं नाहीत. "बरं," म्हणालात. "पण मी लगेच सोडत नाही हं, अजून थोडे दिवस दोघी करू."

ह्यांचा हात पूर्वीसारखा झालेला नाही, आणि होईल असं कोणी म्हणत नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर मिळालं. ते उत्तर मला रोज पुरतं असं मी म्हणणार नाही. काही दिवशी पुरतं. उरलेल्या दिवशी गुरुवार किती लांब आहे ते मोजते.

आता एक तक्रार. तुमचं भिंग गेल्या वेळी आमच्याकडेच राहिलं. हे ते डाव्या हातात धरून रविवारच्या पुरवणीतले मथळे वाचतात, एकेक अक्षर, मोठ्याने. काल माझ्या नावाचं पहिलं अक्षर सापडलं तर कागदावर बोट ठेवून मला हाक... म्हणजे "ते, ते" करून बोलावलं. तुम्हाला भिंग लागणार, माहीत आहे. गुरुवारी या तेव्हा मागून बघा. हे देतील असं मला वाटत नाही.

तुमची,
गुरुवारची वाचणारी