टाकी नीट बसलीय, काळजी करू नका

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

फोनवर गाडीच्या टाकीचं सांगायला लागलं की बाबा "पेट्रोल? आणि तू?" एवढंच धरून बसतात आणि पुढचं ऐकतच नाहीत, म्हणून सगळं नीट टाईप करून पाठवतेय. दादा, तू वाचून दाखव, मधलं गाळू नकोस. मी बरी आहे, ऑफिस, जेवण, थंडी, ते तुम्हाला सगळं माहितीये.

पाडव्याला फोन उचलला नाही म्हणून आई रडली असं दादा म्हणाला. आई, मी रागावले नव्हते गं. हात कोपरापर्यंत पेट्रोलात होते आणि तिथं मोबाईल जवळ ठेवायचा नाही असं मीच ठरवलेलं, बाबांचाच नियम आहे तो. गोडधोड नाही केलं, पण बाहेरच्या झाडाचं फूल आणून गाडीला वाहिलं.

आधी गाडीचं. हो, मी मोटारसायकल घेतली जुलैमध्ये, जुनी आहे, साडेसहाशे सीसी, इथलं जर्मनीचं लायसन्स परीक्षा देऊन काढलंय. सांगितलं नाही ही माझी चूक.

आता तुम्ही विचारलंत की चालणारी गाडी पाच महिने बंद कशाला ठेवली, त्यातच सगळं आहे. इथं गाडीला मोसमी नंबरप्लेट मिळते. नंबरच्या उजवीकडं वर ०४ आणि खाली १० असे दोन आकडे छापलेले असतात, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. कमीत कमी दोन महिने, जास्तीत जास्त अकरा महिने असं आपण ठरवायचं. टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. आणि उरलेल्या महिन्यांत गाडी चालवायची तर नाहीच, पण सरकारी रस्त्याच्या कडेला नुसती उभीसुद्धा करायची नाही! आपल्या मिरजेत बंद गाडी वर्षभर गटाराजवळ उभी असते, तिच्यावर मांजर झोपतं, कोण विचारतं? इथं ती खासगी जागेतच पाहिजे. मला पहिल्यांदा खरंच वाटेना, मी शेजारच्या बाईंना तीनदा विचारलं की ३१ मार्चला छान ऊन पडलं तर? तर म्हणाल्या एक एप्रिलला काढायची. आणि लोक खरंच थांबतात! चातुर्मासात लग्नं थांबतात तशा इथं हिवाळ्यात मोटारसायकली थांबतात, रस्त्यावर बर्फ आणि मीठ असतं म्हणून. एक एप्रिलला सकाळपासून सगळ्या गल्लीत नुसता आवाज.

तर ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीतच ऐंशीच्या पुढं गाडी अडखळत होती आणि टाकीतला पंप रडल्यासारखा आवाज करत होता. मी तशीच अंगणात उभी केली, टाकी अर्धी रिकामी. ते चुकलं. टाकीच्या झाकणाभोवती पावसाचं पाणी जायला एक बारीक भोक असतं, तिथून नळी टाकीतून आरपार खाली जाते. ती मातीनं तुंबली होती. मग पाणी झाकणापाशी साचून आत गेलं, वर रिकाम्या जागेत दव धरलं, आणि आधीच धरलेला गंज पाच महिन्यांत आतून सगळीकडं पसरला.

बाबा, तुमच्या येझ्दीच्या टाकीत आत काहीच नव्हतं, कॉक फिरवला की पेट्रोल आपोआप कार्बोरेटरला उतरायचं. मला आठवतंय, तुम्ही मूठभर नट टाकून टाकी खुळखुळ हलवायचा आणि मी बॅटरी धरून उभी. (येझ्दी जिच्यावरून आली ती जावा, तिचा देश इथून तासाभरावर आहे. आमच्या केम्निट्सहून डोंगर ओलांडला की चेक. पहिल्यांदा तिकडं गेले तेव्हा तुमचीच आठवण आली.) या गाडीला इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल दाबानं फवारलं जातं, त्याला तीन बार दाब लागतो, म्हणजे कारच्या टायरमध्ये भरतो त्याच्या जवळजवळ दीडपट, तो नुसत्या उताराने येत नाही. म्हणून पंप टाकीच्या आतच, पेट्रोलात बुडालेला.

आणि हो, ठिणगीचं. विजेचा पंप पेट्रोलात, मग ठिणगी पडून पेटणार नाही का, असं वाटेल. पण पंपाच्या मोटरच्या आत पेट्रोलच भरलेलं असतं, हवा नसते, आणि हवेशिवाय ते पेटत नाही. उलट तेच पेट्रोल पंपाला गार ठेवतं, म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत चालवायची नाही. धोका असतो तो उघड्या रिकाम्या टाकीत, तिथं वाफही असते आणि हवाही. म्हणून हे मी घरात केलंच नाही. इथं तासावर भाड्यानं गॅरेज मिळतं, दारं सताड उघडी, शेजारी आग विझवायचा सिलिंडर. इंजिन चालू ठेवून पंपाचा प्लग ओढला, मग नळीतला दाब संपून इंजिन आपोआप बंद पडलं, त्यानंतर बॅटरीची मायनस वायर काढली आणि मगच नळी काढली, म्हणजे तोंडावर पेट्रोल उडत नाही.

टाकी गोधडीवर उलटी ठेवली. खाली गोल प्लेट, तिचे बोल्ट काढले की सगळं एकत्र बाहेर येतं, पण सरळ ओढलं तर पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटचा दांडा अडकतो, तिरकं करून फिरवत काढावं लागतं. ते मला माहीत नव्हतं, दांडा थोडा वाकला. प्रत्येक पायरीचा फोटो काढायला एका मैत्रिणीला लांब उभं केलं होतं. पंपाच्या तळाची जाळी गंजानं गच्च, म्हणूनच तो रडत होता. पंप चांगला होता. नवीन साडेतीनशे युरोला सांगितला, मी जाळी, आतला पाईप आणि प्लेटची रबरी रिंग एवढंच बदललं, एकेचाळीस युरो. पाईप साधा चालत नाही हं, जो आतून पेट्रोल वाहून नेतो तो बाहेरून पेट्रोलात बुडवून ठेवला तर मऊ पडून फाटतो, बुडवायचा वेगळा मिळतो.

गंजाला नट नाही वापरले, आत ती पावसाची नळी आहे ना, तिला लागलं असतं. आई, तू ढोकळ्यात घालतेस ते सायट्रिक ॲसिड, इथं किटलीतला क्षार काढायला पुड्यांनी मिळतं. कोमट पाण्यात रात्रभर, मग खायच्या सोड्याचं पाणी, मग धुवून गॅरेजच्या आजोबांनी लगेच कॉम्प्रेसरची हवा मारली, नाहीतर ओला पत्रा तासाभरात परत तांबूस होतो.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते. मी "झालं" म्हणाले त्या रात्री ते झालं नव्हतं. जुनी रिंग दिसायला चांगली होती म्हणून तीच बसवली. तीन लिटर भरून खाली पेपर पसरला, सकाळी पेपरवर डाग. पेट्रोलानं रबर फुगलेलं असतं, खाचेत परत नीट बसत नाही. बाबा, तुम्ही म्हणालात सिलिकॉन लाव, पण साधं सिलिकॉन पेट्रोलात टिकत नाही आणि त्याचे तुकडे जाळीत जातात. सगळं परत खोललं, नवी रिंग, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत, आजोबांच्या टॉर्क पान्यानं दहा न्यूटन-मीटर. फ्लोटचा दांडा सरळ करून मीटर लावून वरपासून खालपर्यंत तपासला. दोन रात्री पेपर कोरडा. मगच एक एप्रिलला चावी फिरवली, पंपानं दोन सेकंद झूं केलं आणि दाब भरून थांबला, आणि मला तुम्हाला फोन करायचा होता पण तिकडं दुपारची झोप होती.

पैशाचं. गाडीला सोळाशे युरो गेले, शनिवारच्या कामाचे साठवलेले. कर्जाच्या पैशाला हात लावलेला नाही. पण या महिन्यात पस्तीसऐवजी पंचवीस हजारच येतील, पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पाठवते. तुम्ही माझ्यासाठी सही केलीत ते मी विसरलेले नाही, दादाच्या लग्नाच्या तोंडावर कमी पाठवताना बरं वाटत नाही.

लग्नाला मी येणार, पण पंधरा दिवस आधी नाही, चारच दिवस आधी. दादा, रागावू नकोस, हळदीला असेन. आणि आई, ते कोल्हापूरचं स्थळ, भेटेन मी, चहा पिईन, पण माझ्या अपरोक्ष शब्द देऊ नकोस. आणि गाडीचं त्यांच्यापासून लपवू नका, आधीच सांगा.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते मला कुणीच सांगत नाही.

तुमचीच,
छकुली

ता. क. बाबा, येझ्दी भंगारात देऊ नका. आत्ताच टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ठेवा, बाकी मी आल्यावर.